भाऊनी मारं

पणजीला तिच्या दिराने मारले, ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ होती. कुऱ्हाडीच्या दांड्याने डोके फोडले. मग पणजोबाने त्या भावाला गावाच्या नाल्यात गाठून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे छाटली आणि त्याला हाकलून दिले. तीन हा आकडा सांगताना वडील स्वतःची बोटे दुमडून दाखवत. पुरावा दोन शब्दांचा होता. त्या दिवशी घरात कोणीतरी आमच्या बोलीत म्हणाले, "भाऊनी मारं." कोण म्हणाले, हे कोणी विचारले नव्हते.

तो भाऊ सुरतेला आला. पुढे आम्हीही आलो. पांडेसऱ्यात दोन्ही घरांत जेमतेम दीड किलोमीटर अंतर, पण पाणी बंद, पत्रिका बंद. मी अकरा वर्षांचा असताना पर्वत पाटियाजवळच्या एका लग्नात त्या भावाचा नातू आमच्या पंगतीत येऊन बसला. नात्याने तो माझा चुलतकाका. वडील उठले आणि त्यांनी पाण्याचा स्टीलचा जग त्याच्या कपाळावर घातला. एकदा नाही, तीनदा. पत्रावळीतल्या वरणात रक्त पडले. सात टाके पडले. घरी येताना वडील म्हणाले, "पणजीचं थोडं फिटलं."

गेल्या वर्षी मुलीला धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि जातपडताळणीचे कागद मागितले गेले. आमच्याकडे जुना कागद एकही नव्हता. त्या चुलतकाकांच्या मुलाकडे पडताळणीचा दाखला होता. काकांनी "हे आमच्या रक्ताचे" असे शपथपत्र दिले तर काम होणार होते, नाहीतर प्रवेश जाणार होता. मी फोन केला. काका म्हणाले, "दोघे भाऊ एकाच बापाचे, हे आधी कागदावर दाखव. मग बघू. आणि बापाला सोबत आणू नको, माझ्या कपाळावर आता जागा नाही."

आमच्या तालुक्याची जुनी जन्ममृत्यूची बुके स्कॅन करून नेटवर टाकलेली आहेत. आमच्या गावाची ४१२ चित्रे निघाली. अक्षर मोडी नव्हते, बाळबोध होते, म्हणून मला वाचता आले. पाच रविवार सकाळी बसून मी एकेक पान पाहिले आणि वहीत टिपले. दोघा भावांचे जन्म सापडले, बाप एकच. तिथेच थांबलो असतो तर माझे काम झाले होते. पण पाने उरली होती, आणि उरलेले सोडायची मला सवय नाही.

पान १३७. मयत, स्त्री, वय २४, नवऱ्याच्या जागी पणजोबाचे नाव. कारण: भाऊने मारिले, डोकीस मार. शेवटचा रकाना खबर देणाऱ्याचा. तिथे लिहिले होते: मयताचा मुलगा, वय ७.

तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. पणजोबाच्या नावावर मुलाच्या जन्माची नोंद एकच, आजोबांची, तेव्हा आजोबांना भाऊ नव्हताच. आणि बापाच्या भावाला आमच्याकडे काका म्हणतात. भाऊ म्हणतात बापाला. आजोबा त्यांच्या बापाला भाऊ म्हणत, मी माझ्या वडिलांना भाऊ म्हणतो.

मला पांडेसऱ्याची खोली आठवली. मीही तेव्हा सातच वर्षांचा असेन. वडिलांनी आईचे डोके चौकटीवर आपटले होते आणि तिच्या केसांतून रक्त गळून कानात जात होते. शेजारीण कोकणातली, धावत आली. "कुणी मारलं रे?" मी म्हणालो, "भाऊनी मारं." तिने माझ्या नऊ वर्षांच्या मोठ्या भावाला कानफटवले. त्याच्या तोंडातून दात पडला. वडील खाटेवर बसून बघत होते.

पणजोबाही असाच बघत राहिला असेल. फरक इतकाच की नंतर तो स्वतःच कोयता घेऊन नाल्याकडे गेला. गावातल्या कोणालाच कळले नसेल, असे मला वाटत नाही.

मी पानाची छापील प्रत काढली आणि दुपारी जेवणानंतर वडिलांना वाचून दाखवली. वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांनी पूर्ण ऐकले.

"तू मन्हा आजाले खुनी म्हनस?"

"मी म्हणत नाही, भाऊ. रकाना म्हणतो."

"फाड ते."

"नाही फाडत."

त्यांनी काठी उचलली. पहिला फटका टेबलावर बसला. दुसरा माझ्या मनगटावर, आणि तिसरा त्याच जागी. कागद मी सोडला नाही. आई दारात उभी होती. ती इतकेच म्हणाली, "आतातरी बस करा." मग तिने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. जन्माच्या दोन पानांवर सही मिळाली असती. तिसरे पान खिशात ठेवले असते तर त्यांना कधी कळले नसते. मुलीच्या प्रवेशाला नऊ दिवस उरले होते. मी तिन्ही पाने आधी त्यांच्यासमोर ठेवली.

काकांनी १३७ नंबरचे पान वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. कपाळावरचा व्रण लाल झाला होता.

"आमच्याकडे सांगायचे, आजोबांची बोटं गिरणीच्या पट्ट्यात गेली," ते म्हणाले. "ते स्वतःच तसं सांगायचे. तुमच्याकडे किती सांगतात?"

"तीन."

"तीन," ते म्हणाले. मग उठून त्यांनी माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. सत्तरीचा हात, पण माझे डोळे फिरले. काकू आतून पळत आल्या. काकांनी त्यांना हाताने थांबवले आणि परत खुर्चीत बसले.

"हे बापाला दाखवलंस?"

"काल दाखवलं."

"मग?"

मी बाही वर केली. मनगट सुजून काळेनिळे झाले होते. काकांनी ते पाहिले. त्यांचे ओठ एका बाजूने वाकडे झाले.

"भाऊनी मारं," ते म्हणाले. आणि शपथपत्रासाठी हात पुढे केला.