गळाभर पाण्यातली पंगत

काय हो, माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? स्वतःच्या डोळ्यांवर की स्वतःच्या अकलेवर? जरा सांभाळून उत्तर द्या. मी अकलेवर ठेवला, आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढे कावळे दाखवत उभा राहिलो!

भाट्याच्या खाडीकाठी माझं एक खाजण आहे. खारं भातशेत हो, बांध घातलेलं. भात कापलं की बांधातली उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार, आम्ही मोकळी ठेवतो. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला जातं, मागे उरतो चिखल. दिवाळी सरली की त्या चिखलात कुठकुठल्या मुलखातली पाखरं उतरतात! तांबड्या काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे, तुरुतुरु पळणारे तुतवार, लांब चोचींचे पाणलावे. शिमग्यापर्यंत नुसता बाजार!

हे मी दापोलीच्या आप्पांना भेटेन तेव्हा सांगायचो. त्यांच्या मुलासाठी आमच्या मुलीचं, शालूचं, चाललं होतं. आप्पा मोठे मिस्कील. म्हणाले, "शेट, व्यापाऱ्याच्या बोलण्यात खरं किती नि फुगवलेलं किती, ते मी तुमच्या पाखरांवरून जोखणार. ती दिसली, तर मुलीविषयी सांगितलंत तेही खरं!"

म्हणजे बघा, पोरीचं लग्न पाखरांच्या हाती!

आप्पा यायच्या दिवशी सकाळीच मी बांधावर गेलो. पाखरं होती, पण कशी? घोटाभर पाण्यात, चिखलात चोची खुपसून. मला भडभडून आलं. इतक्या लांबून आलेले पाहुणे, नि माझ्या दारी त्यांना धड पाणी नाही, दाणा नाही? अमावास्येचं उधाण होतं. दुपारच्या भरतीला पाणी बांधाच्या काठोकाठ घेतलं नि उघाडी बंद! वर पोतंभर भात उधळलं.

ही म्हणाली, "अहो, रोज येतात ती काय उपाशी राहायला येतात?"

"तुला धंद्यातलं काय कळतं? माल भरला की गिऱ्हाईक वाढतं!"

संध्याकाळी आप्पा आले, जेवले, झोपले. सकाळी त्यांना घेऊन मी ऐटीत निघालो. समोर पाणीच पाणी, आरशासारखं! आणि पाखरू? औषधाला नाही! बांधावर सांडलेलं भात टिपायला मात्र अख्ख्या भाट्यातले कावळे नि वाडीतल्या कोंबड्या.

"हे कुठल्या मुलखातून आले म्हणायचे?" आप्पांनी कावळ्यांकडे बोट दाखवलं.

झक मारत सगळं सांगितलं. आप्पा बांधावर बसून पोट धरून हसले.

"अहो शेट, त्यांचं जेवण त्या चिखलातच! किडे, अळ्या, बारीक शिंपल्या. तुम्हाला गळाभर पाण्यात उभं करून, पान तळाशी मांडून, 'सावकाश होऊ द्या' म्हटलं, तर जेवाल?"

बाहेर ओहोटी होती. उघाडीच्या फळ्या उपसल्या, पाणी धो धो निघालं. ऊन चढेतो चिखल वर आला. एक शेकाटा उतरला, दुसरा उतरला, नि मागोमाग सगळा बाजार! माझा जीव भांड्यात पडला.

"पाखरं खरी, सोयरीक पक्की," आप्पा म्हणाले. "फक्त एक अट. लग्नाच्या पंगतीत वाढायला तुम्ही यायचं नाही!"

आता हे तुम्ही चारचौघांत सांगणारच. खुशाल सांगा! पण हिशेब तेवढा सचोटीनं ठेवा हो. कावळे हवे तितके जमेस धरा. शहाणी माणसं दोन, आप्पा नि आमची ही. मूर्ख मात्र एकच लिहा. तिथे मी घासाघीस करणार नाही!