द्वारकेचं पथ्य

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या मुलीलाही नाही — आणि खरं तर पहिला हक्क तिचाच होता. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही समोर बसलात, ऐकताय, एवढंच.

चिखलीला माझं शिवणकामाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. पाटीवर नावाखाली लिहिलेलं — ‘मुंबईचे कटिंग’. ते खोटं नव्हतं. महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे दोन वर्षं मी परळला एका कारखान्यात काजं-बटणं केली, शेवटी शेवटी कात्रीही हाती आली. पण गिऱ्हाइकांना कटिंगशी काय देणंघेणं? कापूस विकायला आलेली माणसं माझ्या बाकावर टेकायची आणि विचारायची, मुंबईत खायले काय भेटते? की मी सुरू.

मासळीच्या खानावळी हा माझा खास विषय. गिरगावातली एक, जिथं पापलेट केळीच्या पानावर येतं. लालबागची एक, जिथं तिसऱ्यांचा, म्हणजे बारक्या शिंपल्यांचा, रस्सा मागाल तितका वाढतात. माहीमची, खाडीकाठची, तिथं फक्त ताजे बोंबील. आणि कुलाब्याकडचं ते हॉटेल — तिथं कालवं बर्फावर मांडून आणतात. कालवं म्हणजे समुद्रातल्या खडकाला चिकटलेली शिंपली. ती उघडायची, वर लिंबू पिळायचं आणि आतला गोळा न चावता गिळायचा. ऐकणारे तोंडात बोट घालायचे.

यातल्या एकाही ठिकाणी मी गेलो नव्हतो. परळला शेजारच्या मशीनवर मालवणचा एक कारागीर होता, अर्धं त्याच्या तोंडून ऐकलेलं, अर्धं माझ्या पदरचं. खरं म्हणाल तर मासळीच्या खानावळीत मी एकदाच बसलो. दुसऱ्याच घासाला काटा घशात रुतला. मालकानं कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला, आजूबाजूचे हसले. त्यानंतर दोन वर्षं पिठलं-भाकरी.

पण थापा कोण मारत नाही? त्यासाठी मी तुम्हाला बसवून घेतलेलं नाही.

द्वारका, माझी बायको, दुसरबीडची. मी दुकानात बोलायचो आणि ती आत पडद्यामागं काम थांबवून ऐकायची. आठवडी बाजारातून सुके बोंबील आणायची. तव्यावर भाजताना विचारायची, “ताजा कसा लागते हो?” मी सांगायचो. तोंडभरून सांगायचो. ती चौथी शिकलेली. कटिंगच्या खाकी कागदाच्या तुकड्यावर तिनं ती चारही ठिकाणं लिहून ठेवली होती, माझ्याच पेन्सिलीनं. कधी मुंबईला गेलोच तर म्हणून. मी म्हणायचो, जाऊ की. चिखलीच्या माणसाचं मुंबईला जाणं कधी होतंय?

झालं. तिच्या पोटात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. मुलीला आजोळी ठेवलं, एसटीनं मलकापूर गाठलं, तिथून रेल्वे. द्वारका घाबरली नव्हती. गाडीत तिनं दोनदा पिशवीतून तो कागद काढून वाचला. पहिले कुठं जायचं, म्हणाली, तुमीच ठरवा.

तपासण्या आठ दिवस चालल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. त्या काय म्हणाल्या ते — सांगतो, जरा थांबा. मी बाहेर आलो तेव्हा द्वारका बाकावर बसलेली होती, मांडीवर कागद उघडलेला. आमची गाडी दुसऱ्या दिवशीची. अख्खा दिवस मोकळा.

“काय म्हनल्या बाई?”

त्या वेळी मला भीती कशाची वाटली असेल? तिच्या जिवाची? नाही हो. मला खानावळ दिसली. मी पत्ते विचारत फिरतोय, तसं ठिकाण कुणी ऐकलेलं नाही. किंवा ताट समोर आलंय, काटा कसा काढायचा ते मला जमत नाही, आणि ती बघतेय. माझी चार वर्षांची बढाई एका ताटात उघडी पडणार होती.

मी म्हणालो, औषध चालू ठेवायचं. आणि पथ्य आहे — सहा महिने मासळी बंद. ताजी, सुकी, दोन्ही.

तिनं काऊन म्हणून विचारलं नाही. आमच्याकडं पथ्य म्हटलं की विषय संपतो. औषधाला गुण नाही आला तर दोष पथ्य मोडणाऱ्याचा, हे लहान पोरालाही माहीत. मलाही माहीत होतं. म्हणून तर पथ्यच सांगितलं.

दवाखान्याच्या फाटकासमोरच एक साधी खानावळ होती. तळणीचा वास रस्त्यावर आला होता. ती थांबली. “वास तं घेऊ द्या,” म्हणाली, “वासाले पथ्य नसते ना?” डोळे मिटून उभी राहिली. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीवाल्याला हाक मारली.

चिखलीला आल्यावर शेजारच्या बाया भेटायला जमल्या. मी मशीनवर होतो. आतून द्वारकेचा आवाज आला — यांनी मले चारी ठिकानी नेलं, कालवं बी खाल्ले, लिंबू पिळून, अशे सरकन उतरते. शब्द माझेच होते. बाया गेल्यावर मी विचारलं, असं काऊन सांगितलं? म्हणाली, “तुमी इतक्या दिसाचे लोकायले सांगून राह्यले. मी मुंबईले जाऊन न खाता आली म्हनलं तं तुमाले हासतीन. पथ्य सुटलं की खरंच जाऊ, मंग लबाडी नाही राहनार.”

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो.

कापूस वेचणीला आला तेव्हा ती अंथरुणावरून उठेनाशी झाली. एका दुपारी तिनं शेजारच्या गयाबाईला बोलावून घेतलं. मी उशाशी होतो. तिला म्हणाली, “बाई, मी लबाड बोलली होती. म्या मासे नाही खाल्ले. मले पथ्य होतं. जाताना तोंडात खोटं नको.” गयाबाई रडली. माझ्याकडं बघून म्हणाली, किती जपलं तुमी हिले. मी मान खाली घातली. दोघींना वाटलं, दुःखानं.

दोन दिवसांनी द्वारका गेली. पथ्याचे सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस होते. माझी मुलगी आजही आपल्या लेकरांना ताप आला की सांगते, माझ्या मायनं मरेपर्यंत पथ्य मोडलं नाही.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या — आता कापून उपयोग नाही, घरी न्या. पथ्य काही नाही. तिला जे खावंसं वाटेल ते पोटभर खाऊ घाला.

समोरच्या खानावळीत तेव्हा दारालगतचं बाक रिकामं होतं. मी पाहिलं होतं.