एअरपोर्टवाले त्र्यंबककाका

अमेरिकेत अर्विंगमधल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कुणाचे आईवडील भारतातून येणार असले की पहिला फोन त्र्यंबककाकांना जायचा. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. भर दुपारी डेस्क सोडून एअरपोर्टला जाणं म्हणजे मॅनेजरच्या डोळ्यांवर येणं. काका मात्र रिकामे. अर्थात हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. अकोल्याच्या एसटी डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन मुलाकडे, प्रथमेशकडे, येऊन तीन वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातला डेपो चालूच होता. एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले आणि लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात कुणाच्या तरी सासऱ्यांना आणायला निघाले.

स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. विमान चारला असेल तर हे दोनला हजर. मग प्रवासी बाहेर येतात त्या दारासमोर फेऱ्या, पाटीवरच्या वेळा पुन्हा पुन्हा वाचणं, आणि विमान उशिरा असेल तर जणू त्यांच्याच डेपोची गाडी बंद पडल्यासारखी चिडचिड. पाहुणे गाडीत बसले की पहिला प्रश्न, "लोणचं डिक्लेअर केलं का?" कस्टम्सच्या फॉर्मवर लिहिलं नसेल तर अर्ध्या रस्त्यापर्यंत नियमांवर प्रवचन. मला त्यांचा कधीकधी भयंकर वैताग यायचा. पण हा माणूस कुणाला कधी नुसता गेटपाशी सोडून आला नाही. बॅगा जिन्यावरून वर चढवून, माणूस दारात उभं करून, मगच परत फिरायचा.

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये त्यांची स्वतःची बायको येणार होती.

सुमित्राकाकू भाच्याच्या लग्नाला अकोल्याला गेल्या होत्या. सून अस्मिता गरोदर, पण तारीख मेअखेरची, तोवर आरामात परत येऊ असा हिशेब. बाळाला तो हिशेब कुणी सांगितला नव्हता. मार्चमध्येच मुलगी झाली. एवढीशी. तीन आठवडे हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहून नुकतीच घरी आली होती. काकूंनी नातीला अजून पाहिलं नव्हतं. फोनवर त्या रडायच्या आणि तिकीट अलीकडचं मिळतंय का एवढंच विचारायच्या. मिळालं, पण सिंगापूरमार्गे, पुढच्या विमानासाठी तिथे बहिणीकडे चार दिवस अडकून पडावं लागलं, आणि नेमकी तिथेच सार्सची साथ.

टीव्हीवर दिवसभर मास्क लावलेले चेहरे. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तर हाँगकाँगहून आलेल्या एका कुटुंबाला लोक टाळू लागले होते. तरी नियम तसा साधा होता. साथीच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला उतरल्यावर एक पिवळं कार्ड मिळायचं. दहा दिवस तब्येतीवर लक्ष ठेवा, ताप-खोकला आला तर आधी फोन करून मग डॉक्टरकडे जा. बरं असलेल्या माणसाला कुणी अडवत नव्हतं. प्रथमेशने डॉक्टरांना विचारलंही होतं. ताप नसेल तर काळजी नको, असं ते म्हणाले होते.

मी त्या दिवसांत बेंचवर होतो, म्हणजे कंपनीकडे माझ्यासाठी काम नव्हतं, आणि बायको शुभा नोकरीसाठी दूर दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला. काकांनी मला बॅगा उचलायला बरोबर घेतलं. त्या दिवशी त्यांच्या फेऱ्या बघून मलाच गरगरायला लागलं.

काकू आल्या. चेहरा उतरलेला, डोळे लाल, पण हसू मोठं. "कशी आहे हो ती? कुणावर गेलीय?" गाडीत बसेपर्यंत हेच. मी मागे, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन.

"कार्ड मिळालं?" काकांनी विचारलं.

"मिळालं की." पर्समधून काढून त्यांनी ते दाखवलं आणि गंमत सांगावी तशा म्हणाल्या, "सिंगापूरला तर एअरपोर्टवर ताप बघायचं मशीन लावलंय. मी आधीच क्रोसिन घेऊन ठेवली. पुन्हा विमानात दोनदा. अडवलं असतं म्हणजे?"

"आधीच का? बरं वाटत नव्हतं?"

"जरा कसकस होती. दगदगीची. आता बघा, हात थंडगार आहे."

काकांनी हात लावला नाही. मी मागून त्यांची मान पाहत होतो, ती ताठ झाली. आपल्याकडे प्रवासाआधी क्रोसिन म्हणजे पोळीआधी वरणभात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण आता ताप नाही, की गोळीने दाबलाय, हे कोण सांगणार? आणि घरी ते एवढंसं बाळ.

आमचा एक्झिट आला आणि गेला. काकांनी वळवलीच नाही गाडी.

"अहो, हेच ना आपलं वळण?" काकू म्हणाल्या.

"हो."

पुढच्या एक्झिटला वळून ते परत आले, आणि पुन्हा तेच वळण सोडून पुढे गेले. तोवर प्रथमेशचे दोन फोन वाजून बंद झाले. काकूंना काय कळायचं ते कळलं. त्या पुटपुटल्या, "मला काही झालेलं नाही. मी आजी आहे तिची. मी तिचं वाईट करीन का?" काकांनी गाडीचा वेग वाढवला. मी गाडीतून उतरून पायी घरी गेलो असतो तर बरं, असं मला वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "काका, माझ्याकडची एक खोली रिकामी आहे." त्यांनी मान हलवली, पण मला ऐकलं की नाही देव जाणे.

कॉम्प्लेक्समध्ये शिरलो तर वरच्या दारात अस्मिता ओवाळायचं तबक आणि भाकरतुकडा घेऊन उभी. प्रथमेश जिना उतरून धावत गाडीकडे आला.

"थांब!" काका खिडकीतून ओरडले. "जवळ येऊ नकोस. मला खोकला आहे. अंगही तापलंय. आई तासभर माझ्याजवळ बसलीय, तीही वर यायची नाही. आम्ही दोघं गुरुनाथकडे राहतो."

गुरुनाथ म्हणजे मी. लोणच्याच्या बाटलीवरून प्रवचन देणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही इतकं वाईट, की शाळकरी पोरानेही पकडलं असतं.

"बाबा, सकाळी तर तुम्ही एकदम ओके होतात," प्रथमेश म्हणाला.

"सकाळी सांगितलं नाही."

वरून अस्मिताचा आवाज आला. "सकाळी? अहो बाबा, सकाळी बाळ तुमच्या मांडीवर होतं! तासभर!" तबकातलं निरांजन कलंडलं. "प्रथमेश, डॉक्टरला फोन कर. आत्ताच्या आत्ता कर. ओ गॉड, बाबा, असं कसं केलंत तुम्ही?"

 एवढा पुढचा विचार काकांनी केलाच नव्हता. बायकोची लाज राखायला गेले आणि सुनेच्या काळजाचं पाणी केलं. प्रथमेश फोन काढून बटणं दाबायला लागला होता.

तेवढ्यात काकूंनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"अस्मिता, रडू नकोस बाई. यांना काही झालेलं नाही. मला बरं नव्हतं. मी गोळ्या घेऊन ताप लपवला. सिंगापूरपासून." एवढं सगळ्या कॉम्प्लेक्सला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं त्यांनी. आतून बाळ रडल्याचा आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. पहिल्यांदाच ऐकत होत्या त्या. त्यांचा हात दाराच्या हँडलवर गेला, तिथे राहिला, आणि मग त्यांनी काच वर केली.

"चला, गुरुनाथकडे घ्या गाडी."

माझ्या घरी मी काकूंना रिकाम्या खोलीत निजवलं. काका खोलीतून बाहेर, बाहेरून खोलीत. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरला आणि ताप चढला. एकशे दोन. कार्डात लिहिलं होतं तसा आधी फोन केला, मग मास्क लावून दवाखाना, तपासण्या. पुढे तो घशाचा साधा ताप निघाला आणि दोन आठवड्यांनी काकूंनी नातीला मांडीवर घेतलं. पण त्या संध्याकाळी हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तर मनातून पुरता हादरलो होतो.

दवाखान्याला निघण्याआधी काका काकूंच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवत होते.

"बाळाला काही होणार नाही ना हो?" काकूंनी विचारलं.

"कसं होईल? तू गाडीतून उतरलीच नाहीस."

काकूंनी कपाळावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"उतरणार होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे न बघता सरळ उतरणार होते. तुम्ही खोटं बोलला नसतात, तर तिला उचलून घेतलं असतं मी."