पाय वर घ्या, सर

मोटार चालवायला शिकायला किती दिवस लागतात, या प्रश्नावर आमच्या घरात त्या उन्हाळ्यात बरीच मतं गोळा झाली. माझा मेव्हणा म्हणाला, पंधरा. तो स्वतः कोणाकडेच शिकला नव्हता, त्यामुळे त्याचा आकडा सगळ्यांत ठाम होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरही पंधराच लिहिलं होतं. शेजारच्या काकाजींचं म्हणणं होतं की ती शिकवायची गोष्टच नाही, ज्याले येते त्याले येते. बायको म्हणाली, "शाळा उघडायच्या आत." तिच्याकडे आकडा नव्हता, मुदत होती.

मुदतीचं कारण तिचा उजवा घोटा. ती आंजीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आम्ही राहतो नालवाडीत. इतकी वर्षं ती स्कूटीने जायची. फेब्रुवारीत तिचा सत्कार झाला. सत्कार झाल्यावर मंचावरून उतरताना गालिच्याखाली जी पायरी असायला हवी होती ती नव्हती. एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ, त्यामुळे धरायला हात मोकळा नव्हता. घोटा मोडला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कार्यक्रम उत्साहात पार पडला होता.

प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी वर्षभर स्कूटीला हात लावू नका म्हणून सांगितलं. बसने गेलं तर थांब्यापासून शाळेपर्यंत बरंच चालावं लागतं. रजा उन्हाळ्याच्या सुटीला जाऊन मिळाली होती आणि जूनच्या शेवटी शाळा उघडणार होती. तेव्हा मेव्हण्याने तोडगा काढला.

"माझा ड्रायव्हर रोज नेऊन सोडंल नं, ताई. तू काऊन टेन्शन घेऊन राह्यली?"

मेव्हणा मनाने उदार आहे. मात्र त्याने दिलेली वस्तू कधी आपली होत नाही. फार पूर्वी त्याने आम्हाला एक कूलर दिला. अजूनही एप्रिलमध्ये घरात पाऊल टाकताना तो आधी कूलरची प्रकृती विचारतो, मग आमची. बायकोने त्याला चहाचं विचारलं. तो गेल्यावर म्हणाली, "एकदा त्याच्या गाडीत बसले की रिटायर होईपर्यंत त्यातून उतरता येणार नाही."

म्हणून आम्ही एक जुनी लहान मोटार घेतली. ती चालवायची कोणी, हा प्रश्न होता. माझ्याकडे लायसन्स आहे, डोळा नाही. पडद्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी मला मोटारीत फक्त बसायची परवानगी ठेवली आहे. राहिली मुलगी. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, बारावीची परीक्षा संपली होती आणि आईला शाळेत आपण पोचवायचं, हे तिने स्वतःच जाहीर केलं होतं. तिला जमलं नाही तर शाळेच्या पहिल्या दिवशी मामाचा ड्रायव्हर दारात उभा राहणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. 

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना सगळे सरच म्हणत. पहाटे सहा वाजता ते काळा चष्मा लावून येत. पहिल्याच दिवशी मुलगी सेलूच्या रस्त्याने पवनारपर्यंत जाऊन आली. चौथ्या दिवशी तिने भाजीबाजाराच्या बाजूने मोटार काढली. सर मला म्हणाले, "काकाजी, पोरीचा हात जन्माचाच गाडीवर बसलेला आहे." तिच्या बॅचमधल्या एका मुलाच्या वडिलांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पण असं वाक्य आपल्या मुलाबद्दल असलं की माणूस त्याची चौकशी करत नाही.

पंधरा दिवस संपले आणि प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम झाला. स्कूलच्या दुकानासमोर दोन तखत जोडून मंच केला होता. बायकोने त्यापासून सुरक्षित अंतर राखलं. मागे फ्लेक्स होता. त्यावर पाहुण्यांचा फोटो मोठा, सरांचा मध्यम आणि यशस्वी प्रशिक्षणार्थींचे आधार कार्डाएवढे. पाहुणे उशिरा आले. रस्ता सुरक्षा ही काळाची गरज कशी आहे, हे त्यांनी विस्ताराने सांगितलं. त्यांची मोटार तोवर भर रस्त्यात आडवी उभी होती आणि मागे एक ट्रॅक्टरवाला मुकाट्याने ते भाषण ऐकत होता. मुलीला प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल मिळालं.

त्याच संध्याकाळी मेव्हणा भाचीचं ड्रायव्हिंग पाहायला आला. आम्ही सगळे फाटकाशी उभे राहिलो. मुलीने आमच्या मोटारीत बसून आरसा नीट केला, पट्टा लावला, चावी फिरवली, गिअर टाकला. मोटारीने एक उडी मारली आणि ती बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा उडी. तिसऱ्या वेळी शेजारचे काकाजी फाटकातून आत सरकून उभे राहिले.

"हँडब्रेक पाहजो, बेटा," मेव्हणा म्हणाला.

"पाह्यला, मामा."

"मग पोरीचा दोष नाई, ताई. गाडीच तशी घेतली तुम्ही." एका वाक्यात त्याने एकीला सोडवून दोघांना अडकवलं. मग घड्याळाकडे पाहत तो म्हणाला, "सांगून ठेवू का मग ड्रायव्हरले? साडेदहाची शाळा नं तुझी?"

"अजून दिवस आहेत," बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चालताना तिने घोटा जरा जास्तच सरळ ठेवला.

जेवताना मुलगी खुर्चीखाली डावा पाय दाबून, सोडून पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, सरांच्या गाडीत गिअर टाकला की गाडी आपोआप निघते. आपल्या गाडीत क्लच मलेच सोडा लागते."

"सगळ्या मोटारींत तसंच असावं," मी म्हणालो.

"तेच तर."

शिकवायच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. अडीअडचणीला त्याने ते दाबावेत अशी योजना आहे. अडचण कशाला म्हणायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी काही दिवसांचा सराव ठरवला आणि मला मागच्या सीटवर बसवलं. सरांनी बसल्याबरोबर चपला काढल्या. मोटार निघाली. सर फोनवर कोणाला तरी नव्या बॅचची माहिती देत होते आणि त्यांचे अनवाणी पाय खाली आपलं काम करत होते, शिंप्याचे मशीनवर चालतात तसे. मुलीचा गुडघा हलायच्या आत त्यांचा हललेला असे. वळणावर त्यांची दोन बोटं स्टिअरिंगला लागत आणि मोटार वळे. माझ्या मुलीने पंधरा दिवस जे स्वतंत्रपणे चालवलं होतं, तो हॉर्न होता.

परतताना पवनारच्या पुलाअलीकडे मोटार थांबली, म्हणजे सरांनी थांबवली. मुलगी म्हणाली, "सर, एक सांगू? पाय वर घ्या तुम्ही."

"म्हणजे?"

"मांडी घालून बसा."

सरांनी चष्मा काढला. "हे का पंगत आहे काय, बेटा?"

"नाई सर. पण तुमचे पाय खाली राह्यले की माझे पाय काही शिकूनच नाई राह्यले."

ते मागे वळले. "काकाजी, समजवा हिले. इतकी वर्षं झाली, आपल्या गाडीले एक ओरखडा नाई."

"ते तुमच्या पायांचं कौतुक आहे," मी म्हणालो.

"आजवर कोणाची तक्रार नाई आली."

हेही खरं असणार. ज्यांना कळत असेल त्यांना ते आपल्या फाटकाशी कळत असेल, आणि तिथे मोटारीला दोष देणारा कोणीतरी मामा हजर असतोच.

सरांनी चष्मा शर्टाला पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "अन् तू उद्या कोणाच्या बैलाले नेऊन धडकवली गाडी, तं? गाडी माही, नाव माहं." हा मुद्दा मात्र बिनतोड होता. शेवटी तडजोड झाली. क्लचचा डावा पाय वर, ब्रेकचा उजवा खाली.

त्यानंतर कित्येक सकाळी सर एक पाय दुमडून, एक सोडून, काळा चष्मा लावून रस्त्याने जात राहिले. लेण्यांतल्या काही मूर्ती अशा बसतात, पण त्या हलत नाहीत. सरांची मोटार आता दर चौकात बंद पडत होती. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत, टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी वाचत आणि आणखी वाजवत. "क्लच, बेटा, क्लच," सर म्हणत. "कसा सर?" मुलगी विचारी. यावर ते पहिले काही दिवस अडखळत. आजवर ही गोष्ट पायांनीच परस्पर उरकली होती, तोंडाला ती सांगायची वेळ आली नव्हती. मग हळूहळू त्यांना शब्द सापडू लागले. "इंजनाचा आवाज जड झाला का नाई? तिथंच थांब. श्वास धरल्यासारखा पाय धर. आता सोड." मुलगी घरी येऊन फाटकाशी आमच्या मोटारीवर तेच करी. शेजारचे काकाजी आता बाहेर येईनासे झाले होते.

जून उजाडला. मेव्हण्याचा फोन आला की ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे, त्याचा गणवेशही शिवायला टाकला आहे. बायको म्हणाली, "बरं." ती कधीच नुसतं बरं म्हणत नाही. त्या दिवशी मुलगी संध्याकाळीही सरांकडे गेली.

मग एका सकाळी आम्ही आंजीच्या रस्त्याला होतो. समोर कडब्याने भरलेली बैलगाडी होती, पलीकडून बस येत होती. मुलीने वेग कमी केला, गिअर उतरवला, बस जाऊ दिली आणि मग बैलगाडीला वळसा घातला. सरांचा उजवा पाय ब्रेकवर गेला नाही. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी खिशातून खर्र्याची पुडी काढली. तंबाखू-सुपारीचा तो माल प्लास्टिकच्या कागदात नीट घोटायचा तर दोन्ही हात लागतात, आणि खाली मांडीचा पाट लागतो. सरांनी दुसरा पायही वर घेतला आणि खाली मान घालून घोटत बसले.  तो कितवा दिवस होता, ते मला सांगता येणार नाही. पंधरा केव्हाच उलटून गेले होते.

लायसन्सची परीक्षा ती पास झाली. फ्लेक्स काही लागला नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मेव्हणा स्वतः आला. पांढरी मोठी मोटार, पुढे नव्या गणवेशातला ड्रायव्हर. "मागं मागं येतो फक्त," तो म्हणाला, "काही लागलं तर."

"चहा गाळून ठेवलाय आत," बायको म्हणाली. "दोघंही पिऊन जा. दार ओढून घेजो."

ती पुढे बसली, मी मागे. मोटारीला एक हिसका बसला, मेव्हण्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला, आणि मोटार निघाली. गावातून बाहेर पडेपर्यंत बायको दर शेळीला, दर सायकलीला पायाखालचा पत्रा ब्रेकसारखा उजव्या पायाने दाबत होती.

"आई, पाय वर घे."

"मला मांडी घालता येत नाही अजून."

"मग बाहेर पाह्य."

ती बाहेर पाहत राहिली. पाय काही थांबला नाही.

शाळेपाशी मुलं ओळीने उभी होती. मुख्याध्यापकांनी स्वागतासाठी तिला ओट्यावर बोलावलं. ती पायऱ्यांकडे एकदा पाहून म्हणाली, इथंच बरी आहे, आणि मुलांच्या रांगेशी जाऊन उभी राहिली. घरी जा म्हणून तिने आम्हाला हातानेच खूण केली.

मुलीने मोटार मागे घेतली, सरळ केली आणि थांबवली. "बाबा, पुढं येता का? आता कोणीच नाई इथं."

मी पुढे जाऊन बसलो. पट्टा लावला. मग चपला काढल्या आणि मांडी घातली.