मुरलीधररावांचं प्रॉडक्ट

मुरलीधरराव वर्तकांचं घर गांज्यावर चालतं, पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नाही. इंग्लंडात रीडिंगमधली त्यांची कंपनी अमेरिकेतल्या परवानाधारक गांजा-दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या राज्यात दुकान शाळेपासून किती फुटांवर हवं, एका गिऱ्हाइकाला किती ग्रॅम विकायचे, सगळे कायदे यांना तोंडपाठ. घरात मात्र त्या मालाचं नाव 'प्रॉडक्ट'. या सोवळ्याचं त्यांच्या बायकोला, सुलक्षणाबाईंना, पूर्वी हसू यायचं. आता चीड येते.

कारण त्यांचे पाय. मल्टिपल स्क्लेरोसिसने स्नायू असे आखडत की जिना उतरणं हेच दिवसातलं मोठं काम. सगळी औषधं करून झाल्यावर स्पेशालिस्टने गांज्याच्या तेलाचे थेंब लिहून दिले. इथे इंग्लंडात ते दुकानात मिळत नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर घरी येतं. पहिल्या बाटलीत बाई स्वतःच्या पायांनी बागेत गेल्या. आणि नवऱ्याने काय करावं? बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं. ज्या लेबलामुळे ते तेल कायदेशीर ठरतं, तेच. आणि हा म्हणे कायद्याचा माणूस.

बाटली संपून चार दिवस झाले होते. पाय पुन्हा लाकडासारखे. शनिवारी तिथल्या मराठी मंडळाची मीटिंग वर्तकांकडेच होती. अध्यक्ष वरदाताई आणि सेक्रेटरी सतीश खाली चिवडा खात बसले होते. बेल वाजली. फार्मसीचं पार्सल, मिसेस वर्तकांसाठी, सही लागेल, हे बाईंनी वरून स्पष्ट ऐकलं.

"सॉरी, राँग ॲड्रेस," मुरलीधरराव म्हणाले आणि दार लावलं.

बाई पायरी-पायरीवर बसत खाली पोचल्या, तोवर व्हॅन गेली होती.

"कुरिअरवाला चुकला होता," मुरलीधरराव पाहुण्यांना सांगत होते.

"चुकला नव्हता," दारातून सुलक्षणाबाई म्हणाल्या. "माझा गांजा आला होता. यांनी परत पाठवला."

"म्हणजे, आयुर्वेदिक तेल आहे एक, ॲक्चुअली..."

"आयुर्वेदिक नाही हो. तुमचं प्रॉडक्ट."

त्यांनी तिथेच फार्मसीला फोन लावला. पार्सल आता मंगळवारी. तीन दिवस आणखी. पत्ता तोच ठेवायचा का, असं पलीकडून विचारलं.

"सतीश, तुमचा देऊ? तुम्ही घरूनच काम करता ना?"

सतीशला एकाएकी अजेंड्यात फारच रस वाटू लागला. वरदाताई रिकाम्या कपातून चहा पीत राहिल्या. दिवाळीत स्टेजवर 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणारी हीच माणसं. बाईंना त्या क्षणी नवऱ्यापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

त्यांनी स्वतःचाच पत्ता पुन्हा सांगितला.

"आणि ड्रायव्हरला सांगा," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. बेल वाजव आणि दहा मिनिटं थांब. मला खाली यायला तेवढा वेळ लागतो."