श्यामकांतरावांच्या मोटारीचे दिवे

श्यामकांत तळपदे आमच्या गिरगावातल्या वाडीचे मालक. वडिलोपार्जित मिळकतीतून उरली होती ती ही वाडी आणि एक जुनी मॉरिस मोटार. माणूस इतका नेटका, की मोटार पुसतानासुद्धा अंगातला कोट काढत नसे.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई परळच्या एका इस्पितळात होत्या. दुखणं छातीचं. घरी कधी सोडतील, ते डॉक्टर सांगत नव्हते. भेटीची वेळ पाच ते सात. श्यामकांतराव रोज डब्यात भानोलं नाहीतर पातवड, असं बाईंच्या आवडीचं काहीतरी घेऊन मॉरिसमधून जात आणि सातची घंटा होईपर्यंत त्यांच्या खाटेशी बसत. परतताना काळोख झालेला असे, आणि अडचण त्या काळोखाचीच होती. मोटार दोनदा फुटपाथवर चढली, एकदा लालबागला हातगाडीला घासली.

"दिव्यांचा दोष," ते म्हणत. "मागच्या दंगलीत दगड बसल्यापासून मंदच झालेत."

त्यांची मुलगी उर्मिला टेलिफोन ऑफिसात होती. तिने एकदा मला जिन्यात गाठून खरं काय ते सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच निदान केलं होतं. रातांधळेपणा. डोळ्याचा पडदाच निकामी होत चाललाय, औषध नाही.

"मग टॅक्सीने जाऊ देत," मी म्हणालो.

"आईची खाट खिडकीशी आहे, मास्तर. मोटार फाटकातून आत येताना तिला दिसते. टॅक्सी दिसली की विचारेल. कळलं की म्हणेल, येऊच नका. अप्पांना तेच नकोय."

तेव्हा नवे दिवे आले. मूळ कंपनीचे मिळेनात, म्हणून ग्रँट रोडच्या दुकानातून दुसऱ्याच बनावटीचे, जरा मोठे. ते बसवायला श्यामकांतरावांना आख्खा रविवार लागला. तारा जोडल्या, दिवे लागले. पण दिवे नीट रोखले नाहीत तर उजेड झाडावर नाहीतर गटारात पडतो. म्हणून मोटार वाडीच्या टोकाच्या भिंतीसमोर, बरीच मागे उभी केली. दिव्यांच्या उंचीवर एक सरळ रेघ भिंतीवर खडूने मारायची होती. मी शाळेत मास्तर, तेव्हा ते काम साहजिकच माझ्याकडे आलं.

दिवेलागणीला आम्ही जमलो. दुसऱ्या मजल्यावरचा लवू परब बनियनवरच खाली आला.

"काय ओ श्यामकांतराव, एवढे मोठे दिवे? चंद्रावर जातास काय?"

"तू आधी त्या डाव्या दिव्यावर गोणपाट धर. एका वेळी एकच बघायचा."

ते स्टिअरिंगमागे बसून विचारत, "मास्तर, उजेडाची वरची कड कुठे आली?"

"रेघेच्या वर. वीतभर."

मग ते उतरत, दिव्याखालचा नट सैल करत, दिवा किंचित वाकवत आणि पुन्हा आत जाऊन बसत. "आता?" असं चार-पाचदा झालं. कड त्यांनी एकदाही स्वतः सांगितली नाही. मी सांगत होतो, ते नट फिरवत होते.

शेवटी दोन्ही दिवे रेघेखाली बसले. भिंत लख्ख उजळली. लवूने शीळ घातली.

त्या भिंतीवर वर्षभर गेरूच्या मोठ्या अक्षरांत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलेलं होतं. वाडीतलं शेंबडं पोरही ते न बघता म्हणायचं. त्या दिवशी सकाळी मात्र समितीच्या मुलांनी त्यावर चुना मारून, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'शनिवारी सभेला चला' असं लिहिलं होतं. श्यामकांतराव तेव्हा बॉनेटखाली डोकं घालून बसले होते.

ते काचेतून समोर बघत राहिले. मग हसून म्हणाले, "बघ उर्मिला, उगाच काळजी करतेस. अक्षर न् अक्षर दिसतंय. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"अहो, पण तिथे तर—" लवू म्हणाला. उर्मिलेने त्याचा दंड धरला.

श्यामकांतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग उतरलं. त्यांनी दिवे बंद केले.

"काय लिहिलंय, मास्तर?"

मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. खाली उतरले, नट पुन्हा एकदा आवळले. ते आधीच पक्के होते.

दुसऱ्या दिवसापासून ते साडेपाचलाच इस्पितळातून निघू लागले, उजेड आहे तोवर घर गाठायला. दोन तासांच्या भेटीचा अर्धा तास उरला.

पुढच्या रविवारी मी उर्मिलेबरोबर बसने परळला गेलो. आम्ही पोचलो तेव्हा श्यामकांतराव उठतच होते. ते गेले. मोटार फाटकाबाहेर जाईपर्यंत राजलक्ष्मीबाईंनी खिडकीकडून मान वळवली नाही.

"मास्तर, खरं सांगा. यांनी नवे दिवे बसवलेत ना? भिंतीवर दिवसासारखा उजेड पडतो म्हणे. स्वतःच सांगत होते."

"हो, छानच बसलेत."

"मग साडेपाच वाजले की पळतात का? कंटाळले का हो मला?"

उर्मिला मोसंबं सोलत होती.

"हल्ली रस्त्यात मोर्चे असतात," मी म्हणालो.

"रोज?"

मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सातची घंटा व्हायला अजून तासाहून जास्त वेळ होता.