गुप्त्यांच्या मशीनमध्ये पाणी येईना

रोह्याच्या वरसे भागात राहणारे नीलकंठ गुप्ते धाटावच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं पंपहाउस सांभाळून रिटायर झाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात काही म्हणता काही बिघडेना. हेच त्यांचं दुःख होतं.

चूक त्यांचीच होती. नळ गळायच्या आधीच ते वॉशर बदलत. टाकीत गाळ धरायच्या आधीच टाकी धूत. घरातल्या प्रत्येक व्हॉल्व्हला त्यांनी तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधला होता: स्वयंपाकघर, न्हाणी, झाडं. प्लंबर नावाच्या प्राण्यानं त्यांचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. एका पावसाळ्यात कुंडलिकेचं पाणी पंपहाउसच्या पायरीला लागलं, पुढच्या शिफ्टचा माणूस पोचू शकला नाही, तेव्हा हे गृहस्थ सलग तीन शिफ्ट काढून घरी आले. जिवाची काळजी करत बसलेल्या बायकोला त्यांनी पहिलं वाक्य काय सांगावं? "दोन नंबरच्या पंपाचा आवाज काही मला बरा वाटत नाही."

असा माणूस आता रोज सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसे आणि आळीत कुणाचं काही बिघडतंय का, याची वाट बघे.

त्यातच त्यांच्या पत्नी वत्सलाबाई बाजारात पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडून घेतलं. बडोद्याला असलेल्या लेकीनं, आसावरीनं, दुसऱ्या आठवड्यात भांडी धुण्याचं मशीन पाठवून दिलं. पेणहून कंपनीचा मेकॅनिक आला, मशीन ओट्याशेजारी बसवून गेला. गुप्त्यांनी त्याचं काम मागे हात बांधून पाहिलं. काढण्यासारखी एकही चूक सापडली नाही, त्यामुळे दिवसभर ते जरा घुश्श्यातच होते.

खरी पंचाईत हौसाची झाली. हौसा निडीहून रिक्षानं यायची, दहा वर्षं त्यांच्याकडे धुणंभांडी करत होती. मशीन पाहून ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"म्हंजे माझा काम गेला ना, काकू?"

"अगं, माझा हात प्लास्टरात. भाकऱ्या काय मशीन थापणारे?" वत्सलाबाई म्हणाल्या. "तू भाकऱ्या कर, मशीनमध्ये भांडी लाव. मीही तुला सोडत नाही आणि तूही मला सोडू नकोस."

हौसाला हे पटलं. पण नव्या सुनेशी सांभाळून वागावं तशी ती मशीनशी वागू लागली. दार हळू लावायची, जाताना वरून फडकं फिरवायची.

अकरा दिवस मशीन सुरळीत चाललं. बाराव्या दिवशी, मंगळवारी, बटण दाबलं तर मशीन दोन मिनिटं घुमलं, थांबलं, आणि तीनदा पीप-पीप करून नळाचं चित्र दाखवू लागलं. आत पाण्याचा थेंब नाही.

"अहो, मशीनमध्ये पाणी येत नाहीये," वत्सलाबाईंनी हाक मारली.

गुप्ते ओटीवरून असे उठले की वत्सलाबाईंना त्यांच्या लग्नातले गुप्ते आठवले.

"कुणी हात लावू नका!" ते म्हणाले.

पेणच्या मेकॅनिकला फोन केला तेव्हा रोह्याकडचे कॉल शुक्रवारीच घेतो असं कळलं. गुप्त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या हातात पुरे तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी नळ उघडा आहे ना ते पाहिलं. उघडा होता. मग मशीनची नळी सोडवून बादलीत धरली आणि घड्याळ लावून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग स्लॅबवर चढून टाकीची उंची मोजली. खाली येऊन कागदावर आकडेमोड केली आणि निकाल जाहीर केला: "प्रेशर कमी पडतंय. टाकी सहा फूट वर उचलावी लागेल."

"अकरा दिवस याच टाकीवर चाललं ना?" वत्सलाबाईंनी विचारलं. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईसमोर आकडेमोड करायची म्हणजे हा धोका असतोच.

टाकी जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी निघाली. गुप्त्यांनी ती चिमट्यानं काढली, ब्रशनं घासली, उजेडाकडे धरून पाहिली. जाळी तशीही स्वच्छच होती. ब्रश मात्र वत्सलाबाईंचा दात घासायचा होता, हे त्यांना संध्याकाळी कळलं, आणि त्यावर जे बोलणं झालं त्यात मशीनचा विषय नव्हता. मग नळीला पीळ पडलाय का, दाराची खिट्टी नीट बसते का, हेही बघून झालं. खिट्टी खट्‌ करून बसत होती. ती तशी बसते, हे त्यांनी वीसेक वेळा ऐकलं.

या सगळ्यात भांडी हौसा घासत होती, बाहेरच्या मोरीवर, पूर्वीसारखीच. काकांभोवतीचे पाने, चिमटे नि टॉर्च ओलांडत ती ये-जा करी. तिला वाटलं, काकांनी हौसेनं मशीन उघडलंय. शिकलेल्या माणसांना असले नाद असतात. तिनं काही विचारलं नाही, आणि तिला विचारावं हे गुप्त्यांच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी गुप्त्यांनी मशीन पुढे ओढलं, मागचा पत्रा काढला आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाण्याच्या व्हॉल्व्हवर टेकवून मूठ कानाला लावली. पंपाचे आजार ते असेच ओळखत.

"आता बटण दाबा."

वत्सलाबाईंनी डाव्या हातानं दाबलं. गुप्ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग हळूच उठले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"वत्सला, व्हॉल्व्ह चांगला आहे. पाणी सोड, असा हुकूमच त्याला मिळत नाहीये. म्हणजे काय? मशीनची समजूत झालीये की आपण आधीच काठोकाठ भरलोय. भरलेल्यात पाणी कोण सोडेल? आत कुठंतरी तरंगतं बूच असणार. पाणी चढलं की ते वर उचललं जातं आणि पाणी बंद. आपलं बूच पाण्यावाचूनच वर अडकलंय!"

वत्सलाबाईंनी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माणूस बोलत होता ते खरंच अक्कलेचं होतं.

गुप्ते आडवे झाले. डोकं मशीनमध्ये, पाय देवघराकडे. टॉर्चच्या उजेडात तळाच्या कोपऱ्यात त्यांना वाटीएवढी पांढरी टोपी दिसली. बोटानं दाबली, दबेना. उचलली, उचलेना.

"सापडलं!" आतून घुमणारा आवाज आला. "ही टोपी! हिच्याखाली काहीतरी बसलंय!"

हौसा तव्यावर पहिली भाकरी टाकून परातीत पुढचं पीठ मळत होती. तिनं मान वळवली.

"ती टोपी व्हय, काका? तिच्याखाली मीठ हाय. मीच भरलाय."

गुप्त्यांचं डोकं मशीनच्या छताला आपटलं.

ते बाहेर येऊन बसले. कपाळ चोळत त्यांनी विचारलं, "मीठ? कशाला?"

"काकू बोलल्या ना सोमवारी, मशीनचा मीठ संपलाय."

वत्सलाबाईंना आठवलं. मिठाचा दिवा लागला होता. पाण्याचा जडपणा काढायला मशीनला लागणारं वेगळं मीठ पाकिटात मिळतं, ते मागवायचं म्हणून त्या आपल्याशीच बोलल्या होत्या. हौसानं ऐकलं. तिचं माहेर वडखळकडचं, सगळं लहानपण मिठागराच्या बांधावर गेलेलं. भाऊ कान्हू आदल्या आठवड्यातच पिशवीभर मीठ देऊन गेला होता. तिनं त्यातले चांगले चांगले खडे निवडून आणले. तळाशी दोन झाकणं होती. एक फिरकीचं, खरं मिठाचं तेच, पण ते काही उघडेना. दुसरं अलगद हातात आलं. तिनं खाली गच्च मीठ भरलं आणि वरून झाकण दाबून बसवलं.

"दुकानातला नाय हो. कान्हूचा हाय," ती म्हणाली. मग दोघांची तोंडं पाहून तिचे डोळे भरून आले. "मशीन मेली का, काका?"

"मरतेय कसली!" गुप्ते म्हणाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "मीठ दमट होऊन दगड झालंय. आता टोकरून टोकरून..."

"टोकरू नका, फुटेल." हौसा डोळे पुसून उठली. "मीठच हाय ना तो? पानी घाला त्याच्यावर."

गुप्त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पाणी आलं असतं तर मीठ विरघळलं असतं, आणि मीठ होतं म्हणून पाणी येत नव्हतं. तीन दिवस ते पाण्याला नळीनं आणायला बघत होते, आणि शेजारी पिंपभर पाणी होतं.

हौसानं चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात घेतलं आणि बेतानं टोपीभोवती सोडलं. एक तांब्या, दुसरा तांब्या. खारट पाणी ती फडक्यानं टिपून काढत होती. तिसऱ्या तांब्याला टोपी हलली, चौथ्याला टप्पदिशी खाली बसली. टोपी काढून खालचा उरलासुरला चिखल पुसला, टोपी परत बसवली, दार लावलं. वत्सलाबाईंनी बटण दाबलं. मशीन जरा घुमलं आणि मग आत सर्रर्र करून पाणी आलं.

तिघंही हसत सुटली. तोवर हौसाची पहिली भाकरी तव्यावर करपली होती.

शुक्रवारी पेणचा मेकॅनिक, महिपती, दारात आला तेव्हा मशीन धुतलेली भांडी घेऊन थंड होत होतं. गुप्त्यांनी त्याला चहा दिला आणि पाण्याच्या दाबापासून सुरुवात करून सगळी हकीकत ऐकवली. बूच कुणी सोडवलं, तेही खरं सांगितलं, पण त्याआधी पाऊण तास गेला होता. महिपतीची कोलाडची दोन गिऱ्हाइकं खोळंबली. पण जाताना त्यानं गुप्त्यांचा नंबर लिहून घेतला.

"काका, रोह्यातून कुणाचा फोन आला तर आधी तुम्ही जाऊन बघाल का? शुक्रवारपर्यंत लोक दम धरत नाहीत."

पुढच्या बुधवारीच फोन आला. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या आनंदीबाई वैद्यांच्या कपड्याच्या मशीनमध्ये पाणी येत नव्हतं. गुप्ते इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत टॉर्च, चिमटा आणि स्वतःचा जुना ब्रश घेऊन पूल ओलांडून गेले.

तिथं भिंतीवरचा नळच बंद होता. गुप्त्यांनी तो उघडला. पाणी आलं. पण एवढ्यावर उठून जाणं त्यांना बरं दिसेना. ते खुर्ची ओढून बसले, आनंदीबाईंना म्हणाले, "एक धुणं पुरं होऊ दे, मी ऐकतो," आणि डोळे मिटून, तासभर, मशीनचा आवाज ऐकत राहिले.